मिटिंगची घोंगडी

मी घोंगडी बोलतेय. कोंडीबाच्या खांद्यावरची, काळी, जरा बोचरी. एखादं काम रखडलं की तुम्ही माणसं 'भिजत घोंगडं' म्हणून मोकळी होता. पण स्वतः भिजून मी किती जणांना कोरडं ठेवलं, ते कोणी विचारत नाही. असो. आज रागाचं बोलायचं नाही.

माझा जन्म आटपाडीकडच्या माळावरचा. मेंढरं कातरली, म्हाताऱ्या दगडाबाईनं लोकर कातली, सनगरानं मागावर विणली आणि चिंचोक्याची खळ देऊन मला ताठ केलं. दगडाबाई म्हणजे कोंडीबाची आई. लेकाच्या लग्नात तिनं मला त्याच्या खांद्यावर टाकलं आणि बजावलं, "हिच्यावर बसून खोटं बोलू नगंस." आमच्याकडं पंच घोंगडीवरच बसायचे, म्हणून हा मान.

कोंडीबा माझ्यावर बसून कधी खोटं बोलला नाही. पिऊन आडवा मात्र पडायला लागला. आधी बाजारच्या दिवशी, मग रोजच.

एकदा त्यानं बिरोबाच्या देवळात भंडारा उचलला, म्हणजे मुठीत हळद घेऊन शपथ वाहिली, "जल्मात शिवणार न्हाई." जत्रेत ती मोडली. देवाची शपथ मोडली, आता देव काय सोडतोय, या भीतीनं तो देवळाच्या वाटेनं जाईना, आणि भीती मारायला पुन्हा पिई.

गेल्या वर्षी तो पिऊन झोपला आणि मेंढरं डांबरी रस्त्यावर गेली. कळपाच्या पुढं चालणारी, अंजनाच्या हाताखाली वाढलेली मेंढी ट्रकखाली सापडली. अंजना त्याची बायको. तो शुद्धीवर आल्यावर तिनं सांगून टाकलं,

"आवं, दिवाळी झाली की बिऱ्हाड घिऊन मी आन् धनाजी भावजी जातो. तुमी हितंच ऱ्हावा. पिताय तवर मेंढरामागं यायचं न्हाई."

मेंढरं चराईला निघालेली आणि धडधाकट माणूस गावात बसलेला! आमच्यात याहून मोठी शिक्षा नाही. कोंडीबाचा चेहरा पाहवत नव्हता.

पण अंजनानंच वाट शोधली. विट्याच्या एसटी स्टँडवर भिंतीला एक कागद चिकटवला होता: दारू सोडायची इच्छा असेल तर फोन करा. तिनं मोबाइलवर फोटो काढला आणि फोन लावला. पलीकडं भाऊसो होते, लष्करातून निवृत्त झालेले आणि स्वतः दारूतून बाहेर पडलेले. "ताई, त्यांना रविवारी हितं विट्याच्या शाळेत मिटिंगला पाठवा. दारू सोडल्याली माणसं बसून बोलत्यात. पैसं लागत न्हाईत आन् आमी कुणाची जात-गाव इचारत न्हाई."

कोंडीबा गेला. मला खांद्यावर घेतलं आणि माझ्या टोकाला भंडाऱ्याची पुरचुंडी बांधली. वर्गात खुर्च्या मांडलेल्या होत्या. त्यानं कोपऱ्यात मला अंथरलं आणि खालीच बसला. मूठ भरून म्हणाला, "सांगा, काय शपथ घालताय?" मूठ पुढं केली तसा निम्मा भंडारा माझ्यावरच सांडला.

भाऊसो खुर्ची सोडून त्याच्याशेजारी माझ्यावर येऊन बसले. "मीबी लय शपथा घेतल्या गड्या. लेकरांच्या डोक्यावर हात ठिवून घेतल्या. हितं शपथ न्हाई. आज प्यायची न्हाई, येवढंच. उद्याचं उद्या बघू."

"आन् मोडलीय ती?"

"ती ऱ्हाऊ दे देवाकडं. देव तुझ्यापरीस सबुरीचा हाय."

कोंडीबा लहान पोरासारखा रडला. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू? पुढं तिथं कोण काय बोललं, ते मी सांगणार नाही. मिटिंगमधलं मिटिंगमध्येच राहतं. हा नियम मीही पाळते.

त्यानंतर त्यानं रविवार चुकवला नाही. दिवाळी सरली. निघायच्या सकाळी अंजनानं घोड्यावर सामान बांधलं, शेवटी मला उचललं आणि कोंडीबाच्या खांद्यावर टाकलं.

पण रोज नव्या गावात मुक्काम करणाऱ्याला मिटिंग कुठली? भाऊसोंनी कराड, सातारा, वाई असे सगळीकडचे फोन नंबर दिले. यंदा आमचे मुक्काम ठरले ते चाऱ्यावर नाही, मिटिंगच्या वारावर. कराडच्या शेतात धनाजी कुरकुरला, "वयनी, म्होरल्या गावात चारा लय हाय."

"मेंढरं एक दिस आर्धपोटी ऱ्हातील भावजी. ह्यांस्नी जाऊन यिऊ द्या."

साताऱ्याजवळ कोंडीबा एकदा घसरलाच. मला वाटलं, संपलं सगळं. पण सकाळी त्यानं स्वतःहून फोन लावला.

"भाऊसो, काल पिलो."

"आन् आज?"

"आज न्हाई."

"मग साताऱ्याच्या मिटिंगला जा की. वाट बगत्यात."

पावसाच्या तोंडावर आम्ही माळावर परतलो. गावात मिटिंग नाही, विटा लांब, आणि जुने सोबती मात्र हाकेच्या अंतरावर. कोंडीबाला रात्रंदिवस तीच धास्ती. शेवटी एका रविवारी तो बिरोबाच्या देवळात गेला, ज्याची वाट त्यानं सोडली होती तिथंच. ओट्यावर मला अंथरलं आणि आता इथंच मिटिंग, म्हणून एकटाच बसला. कोणी आलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. लोक लांबून हसून गेले. अंजना तेवढी चहा घेऊन आली.

मग एका रविवारी तानाजी आला. कोंडीबाचा पिण्यातला जोडीदार. चपला हातात, मूठ पिवळीधमक. "कोंडीबा, भंडारा उचलतो गड्या. काय शपथ घालतूस?"

कोंडीबानं माझ्यावरच्या जुन्या पिवळ्या डागाकडं पाहिलं आणि बाजूला सरकला.

"बस. आज प्यालाईस?"

"आजून न्हाई."

"मग झालं की."

आता मी विरले आहे, कडा उसवल्यात. घडी घालून माळ्यावर ठेवायचं माझं वय. पण रविवारी मला उसंत नसते. तुमच्या गावात अशी बसायची जागा नसेल, तर माझ्यासारखं काहीतरी अंथरा आणि वाट बघा. माझ्यावर दोघं ऐसपैस बसतात. जरा सरकून घेतलं तर तिसराही मावतो, आणि मी त्याची जागा धरून ठेवली आहे.