साखर मागच्या भिंतीला

शेठ स्वतःच्या पायावर उभे राहिले, असं शेठ स्वतःच सांगत. मुलाखतीत सांगत, लग्नात सांगत, एकदा तर मयताला जाऊन सांगून आले. हातगाडीवर साबण विकणारा पोरगा, आज शहरभर त्याची दुकानं! ऐकणारे माना डोलवत. शेठची थोरली बहीण, ताई, नेमकी तेवढ्यात पाणी प्यायला उठे. कारण ती हातगाडी ओढायचे ताईंचे यजमान, दाजी. शेठ बाजूनं ओरडत चालायचे आणि चढ आला की बुटाची नाडी बांधायला थांबायचे.

पुढे दुकानांची मांडणी ताईंनी केली. साखर अगदी मागच्या भिंतीला ठेवायची, ही युक्ती त्यांचीच. साखरेला आलेलं माणूस बिस्किटं, फण्या, बादल्या बघत आत जातं आणि हात भरून बाहेर येतं. त्या युक्तीवर शेठ गब्बर झाले. ताईंना दरवर्षी दुकानाचं नाव छापलेलं भिंतीवरचं घड्याळ मिळत गेलं.

पैसा उतू जायला लागला तशी शेठना दानाची हुक्की आली. त्यांनी धर्मादाय दवाखाना काढायला घेतला, तोही ताईंच्या घराजवळच. ताईंना पहिल्यांदाच भावाचं मनापासून कौतुक वाटलं. दाजींचा दमा आता असा होता की झटका आला की चार पावलं चालवत नसे, आणि ऑक्सिजन मिळायची जागा पार शहराच्या दुसऱ्या टोकाला होती.

मग त्यांनी दवाखान्याचा नकाशा पाहिला. आत शिरलं की आधी शेठच्या आयुष्याचं दालन. शेठ लहानपणी, शेठ पहिल्या दुकानात, शेठ बड्या लोकांशी हात मिळवताना, आणि मधोमध हातगाडी. त्यापुढे औषधांचं दुकान, चष्म्यांचं दुकान. तातडीचा विभाग सगळ्यात शेवटी.

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. श्वास कोंडलेल्या माणसाला एवढं चालवणार का, असं त्यांनी तोंडावर विचारलं. शेठ हसले.

"ताई, तूच शिकवलंस ना? साखरेसाठी माणूस मागच्या भिंतीपर्यंत जातो, मग श्वासासाठी नाही जाणार?"

आपलीच युक्ती आपल्या माणसाच्या छातीवर येऊन बसली होती. ताईंना भावाची किळस आली, आणि थोडी स्वतःचीही.

दवाखाना सुरू झाला आणि लवकरच दाजींना मोठा झटका आला. टॅक्सी पुढच्या दाराकडे वळायला लागली, तशी ताईंनी ती मागच्या गल्लीत घ्यायला लावली. माल उतरवायला मागे शटर असणारच, हे त्यांना दुकानांमुळे ठाऊक होतं. आत लगेच तातडीचा विभाग होता. सिलिंडरच्या ढकलगाडीवर बसवून त्यांनी दाजींना आत नेलं आणि दाजी वाचले. टॅक्सीवाल्यानं ही वाट आपल्या सगळ्या दोस्तांना सांगितली. मग लोक तिथूनच यायला लागले आणि पुढचं दालन ओस पडलं.

आता हा शटरला कुलूप ठोकणार, अशी ताईंना धास्ती होती. शेठ आले, गल्लीत उभे राहिले, दुकानदाराच्या नजरेनं वर्दळ बघून गेले. कुलूप नाही ठोकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढच्या दालनातली हातगाडीच आणून शटरच्या आत, भर वाटेत मांडली. खरी गाडी कधीच भंगारात गेली होती. ही नवी, पॉलिश मारलेली, चाकं नुसती शोभेची. तिथेच पाहुणे बोलावले, फोटोवाला बोलावला, आणि दांड्यावर हात ठेवून शेठ आपल्या कष्टांवर बोलायला लागले. घरचे म्हणून ताई आणि दाजी कडेला बसले होते.

भाषण रंगात आलं आणि टॅक्सी येऊन थांबली. आत एक म्हातारी, ओठ निळे पडलेले. हातगाडी आडवी, ढकलगाडी जाईना. शेठनी इकडेतिकडे पाहिलं आणि जुन्या सवयीनं म्हणाले, "दाजी, जरा हात लावा."

दाजी उठायला लागले. सवय त्यांनाही होतीच. ताईंनी खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

"त्यांनी पुष्कळ ओढली. आज तू ओढ."

सगळे बघत होते म्हणून शेठ वाकले. चाकं फिरत नव्हती. बूट घसरले, कोट काखेत उसवला, तोंडाला फेस आला, तेव्हा कुठे गाडी हातभर सरकली. तेवढ्या फटीतून म्हातारी आत गेली आणि वाचली. आता तरी लाजेल मेला, असं ताईंना वाटलं.

लाजतोय कसला! पेपरात फोटो आला: रुग्णाला वाट देण्यासाठी दानशूर शेठनी स्वतः हातगाडी ओढली. शेठनी तो भिंतीएवढा करून शटरशेजारी लावला. कडेला दाजी दिसत होते, तेवढा भाग कापला. उसवलेली काख रंगवून नीट केली. आणि फोटोला शोभते म्हणून गाडी पुन्हा भर वाटेत ठेवली.

ताईंनी दवाखान्यातली चार माणसं हाताशी धरली, गाडी उचलायला लावली आणि पार पुढच्या दालनात नेऊन ठेवली, जिथं आता काळं कुत्रं फिरकत नव्हतं. दुपारी शेठचा फोन आला. ताई, माझी गाडी कुठे गेली?

"आहे की," ताई म्हणाल्या. "लांबच्या भिंतीला ठेवली आहे. ज्याला हवी असेल तो जाईल तिथपर्यंत."