गंगम्माचा आवाज तबकडीत कसा मावला

मुलांनो, कल्पना करा, तुमची आई गातेय. सुरुवातीला इतकं हळू, की कान द्यावा लागतो. आणि शेवटी इतकं मोठ्यानं, की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जावं. आता तेच गाणं तबकडीवर लावलंय आणि सारं एकाच पातळीवर चाललंय. काय वाटेल?

सोनपेठच्या छोट्या उमादेवीच्या घरी अगदी असंच झालं. निजामाच्या राज्यातली ही गोष्ट. तिची आई गंगम्मा हैदराबादेत शिवभजन तबकडीवर भरून आली होती. तबकडी घरी आली, फोनोवर, म्हणजे ग्रामोफोनवर वाजली, आणि गंगम्मा दरवर्षी जिथं गायची त्या मठात तिनं निरोप धाडला, "उद्या शिवरात्रीला मी गाणार न्हाई."

"माजा आवाज गेला," ती भावाला, कल्याणरावांना म्हणाली. "रेकॉर्डवाल्याला तवाच कळलं असंल. जोर लावला की खुणवायचा, भोंग्यापासून मागं सरका. हळू म्हणलं की, पुढं या. लय लाज वाटली."

कल्याणराव हसायलाच लागले. "आक्का, मी संगं व्हतो. इचारलं मी त्याला. उमे, हे भिंग घे, तबकडी बघ. काय दिसायलंय?"

"रेघा. नांगरलेल्या रानातल्या तासांवानी. पण ती वाकडी हायेत, मामा."

"तबकडी भरताना आवाजानं सुई हालती, म्हणून वाकडी. मोठ्या आवाजानं लय हालती. नांगर लय वाकडा गेला तर?"

"शेजारच्या तासात घुसंल!"

"मग गाणं बिघडतं. अन् अगदीच हळू म्हणलं तर?"

उमादेवीनं फोनोची खरखर आठवून पाहिली. "खरखरीत बुडून जाईल."

"म्हणून त्यानं आक्काला मागं-पुढं सरकवून मोठं ल्हान केलं, ल्हान मोठं केलं. तबकडीत मावंल एवढंच घेतलं. बाकीचं तुज्या आईच्या गळ्यातच हाय."

गंगम्मा पुटपुटली, "खरं म्हणतूस?"

"एक ओळ म्हणून तर बघ."

ती भीत भीत, कुजबुजल्यासारखी सुरू झाली. मग ओळ वर चढली, आवाज मोकळा सुटला आणि फोनोवरच्या गाण्यात जे नव्हतं ते सगळं घरभर झालं. शेजारची तानुबाई दारात आली. "गंगम्मा, थोडं दमानं! आत्ता निजवलेलं लेकरू उठलं की माजं!"

तबकडी घरी आल्यापासून पहिल्यांदा गंगम्मा हसली. हसता हसता पदरानं डोळे पुसू लागली.

उमादेवीनं भिंग मामाच्या हातात कोंबलं आणि ती अनवाणीच मठाकडे पळत सुटली, आई उद्या गाणार आहे हे सांगायला.