पहिली चार मिनिटे

छापून आलेल्या अहवालाचे सतरावे पान उलटून रुआन शुचिन पुन्हा सोळाव्यावर आली. दोन पाने चिकटली असतील म्हणून तिने ती बोटांत धरून चोळून पाहिली. चिकटलेली नव्हती. सोळाव्यावर धरणाच्या दरवाजांची मापे होती, सतराव्यावर नदी स्थिर झाल्यानंतरची पाण्याची खोली. मधले कोष्टक, दरवाजे उघडल्यानंतरच्या पहिल्या मिनिटांचे, कुठेच नव्हते.

ते तिने स्वतःच्या हाताने भरले होते. ताइचुंगच्या जलप्रयोगशाळेत तिची एकतीस वर्षे गेली होती. धरणाखालच्या त्या नदीची पन्नासपट लहान प्रतिकृती शेडमध्ये तिनेच उभी केली होती, सिमेंटची आणि खऱ्या गोट्यांची. वरच्या धरणावर तिचा धाकटा भाऊ आ-खुन दरवाजे चालवायचा. मुख्य कार्यालयातून फोन आला, दोन्ही दरवाजे ताबडतोब उघड. त्याने भोंगा वाजवला आणि उघडले. खाली खडकावर गळ टाकून बसलेला योऊ नावाचा माणूस वाहून गेला. चौकशी बसली, आ-खुनची नोकरी टांगणीला लागली. वरच्यांची घाईच जीवघेणी ठरली हे दिसावे म्हणून शुचिनने प्रतिकृतीतले दरवाजे एकेचाळीस वेळा उघडून पाहिले. एकेचाळीसही वेळा चौतिसाव्या सेकंदाला फेसाळ पाण्याची भिंत येऊन खडकावर आदळली. प्रतिकृतीत अंतर पन्नासपट आखडते, पण वेळ सातपटच; तिथले चौतीस सेकंद म्हणजे नदीतली चार मिनिटे. त्यानंतर पाणी हळूहळू चढायचे आणि विसाव्या मिनिटाला स्थिर व्हायचे.

अहवालात फक्त वीस मिनिटे होती. ‘भोंगा वाजल्यापासून पाणी पूर्ण खोलीला पोहोचेपर्यंत वीस मिनिटे मिळाली. मृताने भोंग्याकडे दुर्लक्ष केले असावे.’ खाली प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. थू यान-चाओ यांची सही.

यान-चाओ एकोणीस वर्षांचा असताना तिच्या हाताखाली आला होता. काचेच्या नळीत जांभळा रंग सोडून तिने त्याला प्रवाह दाखवला होता. आधी रंगाची सरळ रेघ, पाण्याचे थर एकमेकांवरून अलगद सरकणारे. तोटी थोडी जास्त सोडली की रेघ थरथरायची, मग तुटून सगळी नळी जांभळी व्हायची. “पण नेमकं कुठल्या क्षणी?” असे विचारत रंगाची बाटली संपेपर्यंत तो तोटी उघडझाप करत बसला. हा पोरगा पुढे जाणार, हे तिने त्या दिवशीच ओळखले होते.

ती त्याच्या खोलीत गेली, तेव्हा तो चहा ओतत होता.

“बसा ताई. या वर्षीचा पहिला खुडा आहे.”

“अस्थिर प्रवाहाचं कोष्टक कुठंय?”

“चौकशी समितीनं स्थिर प्रवाहाचं विचारलं होतं. विचारलं तेवढं लिहिलं.”

“तो माणूस स्थिर प्रवाहात नाही मेला, यान-चाओ.”

“त्यात एक तरी आकडा खोटा आहे का? दाखवा.”

तिने आकडे मनात पुन्हा तपासले. एकही नव्हता.

“दरवाजे उघडायचा हुकूम देणाऱ्यांच्याच पैशावर ही शेड चालते, ताई. आणि आ-खुन सुटतोय की. तुम्हाला तेच हवं होतं ना?”

“मेलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडून नाही.”

त्याने पेला तिच्याकडे सरकवला. “आ-खुनला विचारून बघा,” तो म्हणाला.

रविवारी प्रयोगांची वही पिशवीत घालून ती बसने डोंगरात गेली. आ-खुन अंगणात बांबूचे कोंब वाळत घालत होता. ती काही बोलायच्या आतच तो म्हणाला, “वही आणली असशील. राहू दे पिशवीतच.”

“तुला माहीत होतं?”

“यान-चाओ आला होता. इथंच जेवला. त्यानं सांगितलं तशी जबानी देऊन आलो मी. पेन्शन शाबूत राहतेय, ताई.”

“कधी आला होता?”

“नवं वर्ष झाल्यावर.”

शुचिनने मनात हिशेब केला. नव्या वर्षानंतर तिने सव्वीस प्रयोग केले होते, गारठलेल्या पाण्यात बोटे सुजेपर्यंत. दर शनिवारी आ-खुन शेडमध्ये डबा घेऊन यायचा आणि कठड्याला टेकून बघत राहायचा.

“मग मला का राबू दिलंत?”

“थांबवलं असतं तर तू ‘का’ म्हणून विचारलं असतंस.” त्याने एक जून कोंब बाजूला टाकला. “तो योऊ तर गेलाच. आता त्याला काय फरक पडतो? चल, जेवून घे. तुझ्यासाठी सूप ठेवलंय.”

ती परतीच्या बससाठी उतरणीला लागली. मागून त्याने दोनदा हाक मारली.

बुधवारी दुपारी शेडच्या दारात एक बाई उभी होती. हातात अहवाल होता.

“मी योऊची बायको,” ती म्हणाली. “पाणी सोडून बघितलं त्या तुम्हीच का? शेवटच्या पानावर नाव आहे.”

“मीच.”

“वीस मिनिटांत माणूस घरी येऊन चहा पिऊन जाईल हो. सासूबाई म्हणतात, त्याला गळापुढं काही सुचायचं नाही. मुलगी म्हणते, बाबा मुद्दामच उठले नाहीत. तेव्हापासून ती नीट जेवत नाही.” बाईने अहवाल छातीशी धरला. “तुम्ही तरी सांगा, तो का नाही उठला?”

शुचिनने वर पाहिले. यान-चाओ आपल्या खिडकीत उभा होता.

“मोबाइल आहे ना? मी दरवाजे उचलले की सेकंद मोजा. त्या सपाट खडकाकडे बघत राहा.”

तिने दोन्ही दरवाजे एकदम उचलले. बराच वेळ काहीच झाले नाही. खडकापाशी पाणी काचेसारखे होते, तळाचे गोटे मोजता येत होते. बाई हलक्या आवाजात आकडे म्हणत होती. तेहतीसपर्यंत ती आली, आणि खडक दिसेनासा झाला. फेस ओसरला तरी तिचे ओठ मोजतच राहिले.

“नदीत हे किती झालं?”

“चार मिनिटं. खडकावरून काठ गाठायलाच पाच लागतात.”

बाईने कठडा धरला. पाणी वाहत होते, संथ चढत होते.

“दरवाजे कुणी उघडले होते?”

“माझ्या भावानं,” शुचिन म्हणाली. “ताबडतोब उघड, असा वरून फोन होता. तोही लिहिलेला आहे माझ्या वहीत.”

बाईने मोबाइलवर नंबर लावत विचारले, “मुलीची शाळा सुटली असेल. तिला बोलावते. पुन्हा दाखवाल?”

शुचिनने दरवाजे खाली घेतले आणि पाणी ओसरायची वाट पाहत उभी राहिली.