तीन विटांचं माप

"चोट्टी कुठली! बापाच्या मागाची फणी माह्या घरातून उचलून नेली, आन मले एका शब्दानं इचारलं नाही!"

ऑटोतून उतरता उतरताच चंद्रकलाबाईंनी तोंड सोडलं. वाडीच्या त्या गोदामापुढे ट्रक लागले होते. एका क्लीनरने वळून पाहिलं. शटर अर्धंच वर होतं. वाकून आत जाणं बाईंच्या मानेला पटलं नाही. लेकीने, मयुरीने, येऊन ते पूर्ण वर करेपर्यंत त्या ताठ उभ्या राहिल्या.

"आली काय वं आई?"

"तुह्यासाठी नाही आली. फणीसाठी आली."

बाईंचे विणकर यजमान चंपतराव गेले, त्यांचा हातमाग भंगारात गेला, पण फणीत त्यांच्या शेवटच्या ताण्याचे धागे तसेच अडकलेले होते. तांडापेठेतल्या घरात ती देवाच्या फळीवर असायची. बाई भजनाला गेल्याची वेळ साधून मयुरीने ती नेली होती.

पोरगी कलाकार, धंदाच तसा. कुठलीतरी ओसाड जागा हेरायची, तिथेच राबून काहीतरी उभं करायचं आणि लोकांनी पाहिलं की पाडून टाकायचं. केरळात केलं, जर्मनीतल्या बंद गिरणीत केलं. पेपरात नाव आलं, पण पाहुण्यांना दाखवायला घरात एक वस्तू नाही. "चिमणी बी आपलं घरटं मोडत नाही," असं बाई चारचौघांत सांगत. लेकीचं एकही काम पाहायला त्या कधी गेल्या नव्हत्या.

आत छतापासून पांढऱ्या सुताचा ताणा तिरपा उतरत आला होता. फणीपाशी त्याची जुन्या, पिवळट धाग्यांशी गाठ मारलेली होती. खाली, कोबा फोडून, खड्डा खणलेला. काठावर बसून विणकर पाय आत सोडतो, तसा.

घरचा खड्डा अनिशने, त्यांच्या पोराने, मलबा टाकून बुजवला होता. वर टाइल्स, टाइल्सवर त्याची स्कूटर.

"बापाचा खड्डा खणला काय?"

"बसून पाह्य."

"मी काहून बसू? बसणारा गेला."

पण त्यांची नजर खड्ड्यावरून हलेना. चंपतराव छातीने खंगले तेव्हा दुपारभर मागावर त्याच बसत. खड्डा नवऱ्याच्या लांब पायांचा. यांचे पाय अधांतरी लोंबकळत. पुढे सोसायटीने चंपतरावांचा सत्कार केला. मंचावर जे लुगडं मांडलं होतं, त्याचा अख्खा पदर बाईंच्या हातचा. शाल चंपतरावांच्या खांद्यावर पडली. मागे बायकांत बसून बाईंनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना ते काहीतरी म्हणतील असं वाटलं होतं. ते पानठेल्यावर थांबले, आणि पान खाऊन झाल्यावरही काही बोलले नाहीत.

मयुरीने हात पुढे केला. बाईंनी तो धरला नाही. पदर खोचून त्या काठावर टेकल्या आणि पाय खाली सोडले.

पाय टेकले. पूर्ण तळवे.

अंगठ्याने त्यांनी खाली चाचपून पाहिलं. नुसती माती होती.

"उथळ झाला," त्या म्हणाल्या. "तुह्या बापाचे गुडघे छातीले लागले असते."

"बाबाचा नाहीच हा." मयुरी शेजारी उकिडवी बसली. "तुह्या पायाखाली विटा कोण ठेवे? मीच ना? तीन ठेवत होती. तेवढाच कमी खणला."

बाहेर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं. 'आने दो, आने दो' असा आवाज बराच वेळ येत राहिला. बाईंनी जुन्या धाग्यांवरून बोट फिरवलं, तुटू नये इतक्या हलक्या हाताने.

"मोडतं कधी?"

"उद्या. मालकाले जमीन सपाट करून पायजे." मयुरीने उठून फणीला हात घातला. "थांब, तुही फणी सोडून देतो. घेऊन जा."

"राहू दे."

"अवं, पण तू त्याच्यासाठीच तं—"

"राहू दे म्हणलं ना. उद्या मी आल्याबिगर माती टाकू नको."

मयुरीने हात मागे घेतला. बाई तशाच बसून राहिल्या, पाय टेकवून. डोळे पुसायला पदर वर गेला, तो वाटेतच थांबवून त्यांनी पुन्हा कमरेला खोचला.

"चोट्टी तं तू आहेच," लेकीकडे न पाहता त्या म्हणाल्या. "पण मापाची पक्की."