चुंबक सुटतं तेव्हा

प्रयोगशाळेत तिने आजवर तीन वेळा इन्व्हर्टरचे स्विच जाळले होते. आता खोक्यात शेवटची जोडी उरली होती. तीही गेली तर शुक्रवारी कारखान्याच्या लोकांना दाखवायला काहीच राहणार नव्हतं, आणि दोन वर्षांचं काम कपाटात जाणार होतं.

यंत्र तसं समजायला सोपं. तांब्याच्या वेटोळ्यात लोखंडी सळई ठेवायची. इन्व्हर्टर त्या वेटोळ्यातली वीज सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट करतो आणि सळई कशालाही न शिवता तापून लाल होते. फक्त ताल सांभाळावा लागतो. झोक्याला नेमक्या क्षणी धक्का दिला तर झोका चढतो. भलत्या वेळी हात पुढे केला तर झोकाच हातावर आदळतो. इथे हात म्हणजे ते स्विच.

बाबा डबा घेऊन आले तेव्हा ती जळका स्विच चिमट्यात धरून बसली होती. बाबांनी चाळीस वर्षं भट्टीवर अवजारं लाल तापवून, पाण्यात बुडवून कठीण केली होती.

"जेवलीस का?"

"भूक नाही."

"म्हणजे नाही जेवलीस." त्यांनी स्टूल ओढलं. "सळई कुठल्या रंगाला आली की जातो हा?"

"दर वेळी एकच रंग. काळपट लाल संपून उजळ व्हायला लागते ना, तिथेच."

बाबांनी खिशातून तारेला टांगलेलं चुंबक काढलं. लहानपणी भट्टीपाशी ते तिच्याच हातात असायचं.

"हे अजून आहे?"

"मोतीबिंदू झाल्यापासून रंग मला फसवतात. हे नाही फसवत. एक तुकडा तापव बघू."

तिने गॅसच्या ज्योतीवर तुकडा धरला. बाबांनी चुंबक जवळ नेलं की ते तुकड्याकडे झेपावत होतं. पुन्हा नेलं, पुन्हा झेपावलं. आणि मग ते सरळ लोंबत राहिलं, जणू समोर लोखंड नाहीच.

"मला माहितीये बाबा. ठरावीक उष्णतेला लोखंडाचं चुंबकत्व जातं. परीक्षेत लिहिलंय मी! ते गेलं की वेटोळ्याचा ताल चढतो, म्हणून तर इन्व्हर्टरचा ताल बदलायची सोय केलीय."

"किती भराभर बदलतो?"

"हळूहळू. नाहीतर उगाच धडपडतो."

"आणि हे हळूहळू सुटलं?"

ती चुंबकाकडे बघत राहिली.

"तुझ्यासारखंच आहे लोखंड," बाबा म्हणाले. "शेवटपर्यंत रुसत नाही, आणि रुसलं की रुसलंच."

तिला हसू फुटलं. ताल किती वेगाने बदलायचा, प्रोग्रॅममधला तेवढा एकच आकडा तिने बदलला, दोनदा तपासला आणि शेवटची जोडी बसवली. बटणापाशी बोट मात्र अडलं.

"दाब गं. मी आहे ना."

बारीक शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. सळई काळी होती, मग काळपट लाल झाली. शिट्टी एकदम वर चढली.

"सुटलं," बाबा म्हणाले. तिची नजर पडद्यावर जायच्या आधीच.

दर वेळी इथेच 'फट्' व्हायचं. आज शिट्टी चालूच राहिली.

"उजळली का?"

"उजळली बाबा. केशरी होतेय."

त्यांनी तळहात पुढे केला. तिने मनगट धरून तो बेताच्या अंतरावर थांबवला. भट्टीपाशी ते तिचा हात असाच धरायचे.

"हं," ते म्हणाले. "चांगली तापलीय. आता डबा उघड."