ट्रेवरच राहिलेली पक्कड

मित्रांनो, तोंड मिटून घेऊ नका, मी नुसती बोलणार आहे. मी दात उपटायची एक जुनी पक्कड आहे. अस्सल पोलादाची, जरा बाकदार चोचीची. थोरल्या डॉक्टरांच्या हातात माझा जन्म गेला. "हिची पकड म्हणजे पकड!" असं ते म्हणायचे आणि मी फुशारून जायची. पेशंटची मात्र मला बघून दातखीळ बसायची.

पुढे दवाखाना त्यांच्या लेकीकडे आला. ती पडली दात वाचवणारी. मी खणात जाऊन पडले. चिडचिड व्हायची हो, खोटं कशाला बोलू?

एके दिवशी तिने मला स्वच्छ करून ट्रेवर मांडलं. खुर्चीत बँडमधला ट्रम्पेटवाला होता, शेजारी त्याची बायको. समोरच्या दाताचं रूट कॅनल करूनही मुळाशी पुन्हा पू झाला होता.

"डॉक्टर, ट्रम्पेट याच दातावर टेकतो," तो म्हणाला. "हा गेला की फुंक गेली. मग मी बँडमध्ये काय टाळ्या वाजवू?"

"आधी तोंड उघडा, विनोद मग करा," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दाताच्या मुळाला केसाहून बारीक फाटे असतात. जंतू तिथे दडी मारून बसतात, नेहमीचं औषध पोचत नाही. आज नॅनोकण सोडून बघू. ते इतके सूक्ष्म, की फटीफटीत शिरतात. वर लेसरचा उजेड पडला की कामाला लागतात आणि जंतूंचा फडशा पाडतात. हमी देत नाही. पू थांबला नाही, तर दात काढावा लागेल."

औषध आत गेलं. पाठोपाठ एक बारीक तार मुळात उतरली, लाल उजेड चमकला. ना जोर, ना ओढाताण! हे कसलं काम, मी मनात म्हटलं.

पुढच्या खेपेला मी पुन्हा ट्रेवर. बायकोने नवऱ्याची बाही मुठीत गच्च धरली होती. ते बघून, मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आज मला कोणी उचलू नये.

डॉक्टरीणबाईंनी कागदाची बारीक काडी मुळात घातली, बाहेर काढून दिव्याखाली धरली. कोरडी ठाक!

"पू थांबला. सूजही उतरली," त्या म्हणाल्या. "आता मूळ भरून बंद करते. मधूनमधून एक्स-रे काढत जाऊ. पण दात तुमचा तुमच्यापाशी."

हुश्श! माझ्या पोलादी जिवालाही सुटल्यासारखं झालं. ट्रम्पेटवाला तर हसायलाच लागला, थांबेचना. बायको डोळे पुसत म्हणाली, "बघा हो डॉक्टर, सकाळपासून रडवेले होते, आता कसे दात काढतायत!"

मित्रांनो, दोन्ही वेळा दात घासा. दुखलं तर लपवू नका, लगेच सांगा. मला खणातच सुखाने पडू द्या. आणि दात काढायचेच असतील ना, तर त्याच्यासारखे काढा, पोट धरधरून!