रविवारचं पान

एवेलियो वाचायला लागला की हॉलमधली कुजबुज आपोआप थांबायची. सिगार वळणाऱ्यांचे हात आणि डोळे गुंतलेले असतात, कान तेवढे मोकळे. म्हणून कारखान्यात उंच चौथऱ्यावर बसून सकाळी वर्तमानपत्र आणि दुपारी पुस्तक वाचून दाखवायला माणूस नेमलेला होता. वाचलेलं आवडलं की दीडशे जण तंबाखूचं पान कापायची पाती फळीवर आपटायचे. नाही आवडलं तर पाती सरळ जमिनीवर टाकायचे.

त्या दुपारी एवेलियो म्हणाला, "आज नवीन काहीतरी. स्वित्झर्लंडचा एक विचारवंत आहे. आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही."

घसा साफ करून त्यानं वाचलं, "रागावलेला माणूस चुका करतो असं म्हणतात. मला तसं दिसलेलं नाही. रागात असताना तो फार नीट काम करतो. चुका होतात त्या राग ओसरल्यावर."

मिग्दालियाचे हात थांबले. हे वाक्य तिचं होतं. सात वर्षं ती एका वहीत असलं काहीबाही लिहीत होती. माणसं रांगेत कशी उभी राहतात, कोण कधी हसतं, आपल्याला एखादा विचार येतो तो नेमका कशानं येतो. शाळा लहानपणीच सुटल्यामुळे शुद्धलेखन कच्चं होतं, म्हणून महिन्यापूर्वी तिनं ती वही एवेलियोकडे तपासायला दिली होती.

पात्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या जागेवरची ओदालिस तिच्याकडे वाकून म्हणाली, "अगं, हा स्वित्झर्लंडवाला आपल्या बाकावर बसून गेलाय की काय!"

जेवणाच्या सुट्टीत मिग्दालियानं एवेलियोला गाठलं.

"तुला मी तपासायला दिली होती. वाचायला नाही."

"आवाज ऐकलास ना?" तो म्हणाला. "तुझं नाव घेतलं असतं तर लोक म्हणाले असते, मिग्दालिया? ती काय सांगणार आम्हाला, परवा तर माझ्याकडे मीठ मागायला आली होती! लांबचा माणूस असला की लोक कान देऊन ऐकतात."

तिला राग यायला हवा होता. आलाही होता थोडा. पण पात्यांचा तो आवाज अजून कानांत होता, आणि तो तिला आवडला होता, हे तिचं तिला कळत होतं. म्हणून ती एवढंच म्हणाली, "रविवारचं पान वाचायचं नाही."

"कुठलं?"

"फोनचं. बघितलंस की कळेल. शपथ घे."

"आईची शपथ," एवेलियो म्हणाला.

गल्लीत फोन होता तो फक्त मिग्दालियाकडे आणि समोरच्या म्हाताऱ्या बेनिग्नोकडे. ओदालिसचा मुलगा युनिएल परदेशात, टॅम्पाला गेला तेव्हा तिनं त्याला मिग्दालियाचा नंबर दिला होता. दर रविवारी चार वाजता ती चांगला ब्लाउज घालून यायची आणि पाचपर्यंत फोनजवळच्या खुर्चीत बसायची. पहिलं वर्ष फोन आले. मग दोन वर्षांत एकदाही नाही. तरी दर सोमवारी बाकावर ती सांगायची, काल युनिएल म्हणाला तिकडे फार उकडतंय, काल म्हणाला नवी गाडी घेतोय. मिग्दालिया पान पसरता पसरता मान हलवायची. दोघींमध्ये याबद्दल एक शब्दही कधी झाला नव्हता.

आठ-दहा दिवसांत स्वित्झर्लंडवाला हॉलचा लाडका झाला. घरी जाताना लोक त्याची वाक्यं एकमेकांना ऐकवू लागले. वहीतली पानं संपत आली. मग एका गुरुवारी एवेलियोनं वही जरा उंच धरली आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात वाचलं:

"माझी शेजारीण दर रविवारी चार वाजता माझ्या घरी मुलाच्या फोनची वाट बघायला येते. दोन वर्षं फोन वाजलेला नाही. सोमवारी ती मुलगा काय काय बोलला ते सगळ्यांना सांगते. ती खोटं बोलते असं मला वाटत नाही. मुलानं करायचं काम मुलगा करत नाही, म्हणून तेही तीच करते."

पाती आपटली गेली नाहीत. टाकलीही गेली नाहीत. कुणी ओदालिसकडे वळून बघितलं नाही आणि त्या न बघण्यावरूनच कळलं की सगळ्यांना समजलंय.

मग एक पातं वाजलं. ओदालिसचं. एक, दोन, तीन, सारख्या अंतरानं, चेहरा समोर, दुसऱ्याच कुणाबद्दल ऐकल्यासारखा. सुटका झाल्यासारखा सगळा हॉल तिच्यामागून वाजू लागला. न वाजवावं तर लिहिणारी आपणच, अशी कबुली दिल्यासारखं होणार होतं. मिग्दालियानंही पातं उचललं आणि वाजवलं.

घरी जाताना दोघी रोजच्यासारख्या बरोबर निघाल्या. कोपऱ्यावर ओदालिस थांबली. मग म्हणाली, "तुझ्या स्वित्झर्लंडवाल्याचे कान भलतेच तिखट गं. आपल्या गल्लीतला फोन वाजत नाही, तेसुद्धा त्याला तिथे ऐकू येतं."

"ओदालिस, मी त्याला सांगितलं होतं, हे पान वाचू नकोस म्हणून—"

"म्हणजे लिहिलंस ते बरोबर. वाचलं ते चुकलं. असंच ना?"

ओदालिस पुढे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी चौथऱ्याच्या पायरीशी एवेलियोनं वही परत दिली.

"आईची शपथ घेतली होतीस," मिग्दालिया म्हणाली.

"घेतली होती. पण खरं सांगू? सगळ्या वहीत तेच पान सर्वांत चांगलं आहे. असलं लिहून झाकून ठेवतात का कुणी? आणि नाव कुठे होतं त्यात? बघितलंस ना, तिनंच आधी वाजवलं."

"तू माणसांबद्दल एवढं वाचतोस, एवेलियो," ती म्हणाली, "आणि तुला ती कशासाठी वाजवत होती ते कळलं नाही?"

त्यानं खांदे उडवले. त्याला खरंच कळलं नव्हतं.

घरी येऊन तिनं ते पान उघडलं. त्यात त्यानं तीन ठिकाणी लाल शाईनं दुरुस्ती केली होती. 'टेलिफोन' या शब्दातल्या अक्षरावर द्यायची आघाताची खूण ती विसरली होती, तीही त्यानं काळजीपूर्वक दिली होती. दगा म्हणजे कुणीतरी काहीतरी हिसकावून नेणं, असं ती आजवर समजत होती. इथे तर वस्तू जपून हाताळलेली होती, सुधारलेली होती, सुंदर आवाजात वाचलेली होती. तिला स्वतःबद्दलही हेच म्हणता आलं असतं. तिनंही ओदालिसला जपूनच हाताळलं होतं, चांगल्या वाक्यात बसवलं होतं. मोठ्यानं वाचलं तेवढं नव्हतं.

त्या रविवारी ओदालिस आली नाही. खिडकीतून मिग्दालियाला ती दिसली. तोच चांगला ब्लाउज घालून बेनिग्नोच्या ओट्यावर, दाराशी खुर्ची ओढून बसलेली.

सोमवारी बाकावर ओदालिस म्हणाली, "काल युनिएलचा फोन आला होता. बेनिग्नोकडे."

"बेनिग्नोकडे का?" पुढच्या बाकावरची ग्रासिएला मागे वळली. तिचे डोळे चमकत होते. "काय गं मिग्दालिया, तुझा फोन बिघडला की काय?"

ओदालिसचे हात थांबले नाहीत, पण पान वळायचं सोडून ती उगाच तेच टोक पुन्हा पुन्हा चेपत राहिली.

"चार-पाच दिवस झाले बंद आहे," मिग्दालिया म्हणाली. "दुरुस्तीवाला येतो म्हणतो, येतच नाही."

"अगं बाई!" ग्रासिएला म्हणाली आणि हिरमुसून समोर वळली.

ओदालिसनं आभार मानले नाहीत. मानेल असं मिग्दालियाला वाटलंही नव्हतं.

आता खोटं निभावायला हवं होतं. फोन करायला येणाऱ्या शेजाऱ्यांना ती दारातूनच परत पाठवू लागली. ओल्गिन गावी राहणाऱ्या बहिणीला तिनं पत्र टाकलं, काही दिवस फोन करू नकोस. एका संध्याकाळी तिनं फोनची तार भिंतीतून काढायला हात घातला आणि मागे घेतला. युनिएलकडे जो एकच नंबर होता तो हा होता. बेनिग्नोचा त्याला माहीतच नव्हता.

पुढच्या रविवारी सव्वाचारला फोन वाजला.

गल्ली अरुंद, दोन्हीकडच्या खिडक्या उघड्या. समोरच्या ओट्यावर ओदालिस एकदम उठून उभी राहिली. दुसऱ्या घंटीला ती पायरी उतरली. तिसऱ्या घंटीला गल्लीच्या मध्यावर आली आणि एक हात छातीशी धरून तिथेच थांबली. मिग्दालियानं रिसीव्हर उचलला.

"मिग्दालिया? मी एवेलियो." तोच गोड, भरदार आवाज. "हे बघ, रागावू नकोस. पण लोक रोज विचारतायत, स्वित्झर्लंडवाल्याचं अजून काही आहे का म्हणून. तुझ्याकडे दुसरी वही असेल ना? नसेल तर लिही. तुझा तो फोनचा तुकडा तर..."

खिडकीबाहेर ओदालिस तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. गेल्या दहा दिवसांत तिनं प्रथमच मिग्दालियाकडे सरळ बघितलं होतं.

मिग्दालियानं मान हलवली. नाही.

ओदालिस तेवढ्यासाठीच बाहेर आल्यासारखी खाली वाकली, चपलेचा पट्टा सारखा केला आणि पाठ वळवून बेनिग्नोच्या ओट्याकडे चालू लागली. पाच वाजायला अजून बराच वेळ होता.

"हॅलो? ऐकतेयस ना?" एवेलियो विचारत होता.

"हा फोन बंद आहे," मिग्दालिया म्हणाली.